वेदनेची दारे



आपल्या मराठी भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे का? दाढ ठसठसते. गळू ठणकते. पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते. भाजले की आग होते, खरचटले की चुरचुरते आणि मिरची झोंबते. घरातली जाणती आजी नातवाला नुसते 'दुखतंय का?' एवढे विचारून थांबत नाही. 'ठणकतंय की चुरचुरतंय?' असे ती विचारते आणि त्याच्या उत्तरावरून पुढचा उपाय ठरवते. दुखणे एका जातीचे नसते, हे आपल्या बायाबापड्यांना शास्त्राच्या फार आधीपासून ठाऊक होते.

या सगळ्यांना मिळून आपण वेदना म्हणतो. हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. वेद, विद्या, विद्वान हे त्याच घराण्यातले शब्द. तेव्हा वेदनेचा मूळ अर्थ जाणीव, कळणे, असाच आहे. आजचे शास्त्रही तेच सांगते. वेदना ही शरीराने मेंदूला पाठवलेली बातमी आहे. ही बातमी कोठून निघते, कोणत्या वाटेने जाते, आणि नको तेव्हा ती थांबवता येते का, या तीन प्रश्नांवर गेली शंभरसव्वाशे वर्षे संशोधन चालू आहे. त्याचीच हकीकत मी आज सांगणार आहे. मी वैद्य नव्हे, महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारा माणूस आहे. तेव्हा माझ्या बोलण्यावरून कोणी औषध घेऊ नये. औषध डॉक्टरांनीच द्यावे. ते काम कसे करते हे समजून घेण्याचा हक्क मात्र आपणां सर्वांचा आहे.

सुरुवात मिठापासून करू. चिमूटभर मीठ पाण्यात टाकले की ते दिसेनासे होते. त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन प्रकारचे कण सुटे होतात, आणि त्या प्रत्येकावर विजेचा भार असतो. अशा विद्युतभारित कणांना आयन म्हणतात. आपले रक्त, घाम, अश्रू सगळे खारट. शरीरातली प्रत्येक पेशी खाऱ्या पाण्यात बुडालेली असते. पेशीच्या बाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे जास्त. मधला पडदा स्निग्ध पदार्थाचा, तेलासारखा. तेलातून मीठ पार होत नाही, तसे या पडद्यातून आयन सहजी पार होत नाहीत. म्हणून निसर्गाने त्या पडद्यात दारे बसवली आहेत. प्रत्येक दार म्हणजे प्रथिनाचा एक रेणू, आणि त्याच्या मधोमध उघडमीट होणारे छिद्र. शास्त्रज्ञ यांना आयन चॅनेल म्हणतात. आपण आज त्यांना दारेच म्हणू.

प्रत्येक दाराचा स्वभाव निराळा. काही उष्णतेने उघडतात, काही दाबाने, काही एखादे द्रव्य येऊन चिकटले की, तर काही विजेचा दाब बदलला की. काहींतून फक्त सोडियम आत जाते, काहींतून कॅल्शियम जाते, काहींतून पोटॅशियम बाहेर पडते.

आता मज्जातंतूकडे वळू. तो स्वस्थ असतो तेव्हा त्याच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. म्हणजे टॉर्चमधल्या सेलच्या विसाव्या हिश्श्याइतका. पायाला काटा बोचला की टोकाचे एखादे दार उघडते आणि हा फरक कमी होतो. त्याची चाहूल लागून शेजारचे सोडियमचे दार उघडते, सोडियम आत घुसते. मग त्याच्या शेजारचे उघडते, मग त्याच्या पलीकडचे. शिक्षक बंधुभगिनींनी हे मैदानावर करून दाखवावे. पन्नास मुले एका रांगेत उभी करा. पहिल्याने दुसऱ्याच्या हातावर टाळी द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. कोणीही जागा सोडत नाही, पण टाळी मैदानाच्या टोकाला पोचते. मज्जातंतूतली बातमी अशीच जाते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: सोडियमचे दार उघडले की साधारण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात ते आपोआप मिटते. हे मिटणे फार महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

हे सारे प्रथम नीट उलगडले ते ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी. आपल्या कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्या समुद्रातल्या प्राण्याच्या शरीरात एक मज्जातंतू साध्या डोळ्यांना दिसावा इतका जाड असतो. त्यात बारीक तार घालून त्यांनी विजेचे मोजमाप केले. १९५२ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७६ मध्ये जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी एकेका दारातून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला. दार ही तोवर कल्पना होती. आता तिची उघडमीट यंत्रावर नोंदता येऊ लागली.

ठेच लागल्याचा अनुभव कोणाला नाही? नीट आठवून पाहा. आधी अंगठ्यात एक तीक्ष्ण कळ जाते. पाय उचलला जातो, तोंडातून 'आई गं' निघते, आणि मग क्षणभराने तो खोल, रेंगाळणारा ठणका सुरू होतो. एकाच ठेचेच्या या दोन बातम्या आहेत. पहिली जाडसर तंतूंतून, सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने येते. दुसरी अगदी बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम एखाद्या मीटरच्या वेगाने, माणसाच्या चालीने येते. पहिली सांगते, 'पाय उचल'. दुसरी सांगते, 'आता काही दिवस या पायाला जप'.

पण बातमी निघते कोठून? याचे उत्तर सापडले ते आपल्या रोजच्या ताटातल्या एका वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे मिरची. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि आज तिच्याशिवाय आपली भाकरी घशाखाली उतरत नाही. तिखट ही एक चव आहे असे आपण समजतो. पण विचार करा. गूळ हातावर चोळला तर हाताला गोड लागत नाही. मिरच्या कुटल्या तर मात्र हाताची आग होते. जिभेखेरीज इतर ठिकाणीही जी कळते ती चव कशी म्हणावी? तिखटपणा ही खरे तर वेदनाच आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते दार शोधून काढले, ज्याला मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य चिकटते. त्याला टीआरपीव्ही-१ असे नाव आहे. गंमत अशी की हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडते. चटका बसल्याची बातमी देणे हे त्याचे खरे काम. मिरची ते दार फसवून उघडते. मेंदूला कळते, 'तोंड भाजले!' आणि तो घाम सोडतो, नाकातून पाणी काढतो. प्रत्यक्षात काहीच भाजलेले नसते. पुदिन्यातले मेंथॉल असेच दुसरे, थंडाव्याचे दार उघडते. ते २००२ मध्ये सापडले. कपाळाला बाम चोळला की गार वाटते ते त्यामुळे. कपाळ गार होतेच असे नाही, गार झाल्याची बातमी मात्र जाते. स्पर्श आणि दाब जाणणारी दारे आर्डेम पाटापूटियन यांनी २०१० मध्ये शोधली. ज्युलियस आणि पाटापूटियन या दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जाता जाता दोन उपयोगाच्या गोष्टी सांगतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून झोंबलेल्या तोंडावर पाण्याचा फारसा इलाज चालत नाही. दूध किंवा दही घ्यावे, त्यातले स्निग्धांश आणि प्रथिने ते द्रव्य धुऊन नेतात. दुसरी गोष्ट अशी की पक्ष्यांच्या अंगातले हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरची सुखाने खातो.

या दाराचा आणखी एक गुण आहे. शरीराचा एखादा भाग सुजला की तेथे तयार होणारी द्रव्ये हे दार हळवे करून ठेवतात. मग ४३ अंशांची वाट न पाहता ते कोमट पाण्यानेही उघडते. उन्हाने होरपळलेल्या पाठीवर नेहमीचे आंघोळीचे पाणी कढत लागते ते यामुळेच. ॲस्पिरिन अशाच एका हळव्या करणाऱ्या द्रव्याचे उत्पादन रोखते, हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले. ती गोळी दाराला हात लावत नाही, दार हळवे होऊ देत नाही.

मग कोणी म्हणेल, हे दारच कुलूपबंद करावे म्हणजे झाले! औषध कंपन्यांनी तसा प्रयत्न केला. पण ही औषधे घेतलेल्या काही माणसांना ताप चढला, आणि काहींना गरम वस्तूचा चटका वेळेवर कळेना. शरीराची उष्णता आवाक्यात ठेवण्याच्या कामातही या दाराचा वाटा आहे, हे तेव्हा नीट ध्यानात आले. उलटा मार्ग मात्र काही अंशी साधला. नागीण बरी झाल्यावरही कित्येक वृद्धांच्या अंगाची त्या जागी महिनोन् महिने आग होत राहते. अशा जागी शेकडा आठ भाग कॅप्सेसिन असलेली पट्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावतात. इतक्या जोराने हाक मारली की त्वचेतली मज्जातंतूंची टोके काही आठवडे निपचित होतात. अमेरिकेत आणि युरोपात २००९ मध्ये या पट्टीला मान्यता मिळाली. पण हे ऐकून कोणी घरी मिरची वाटून लावू नये. त्याने त्वचा भाजेल.

हे झाले पहिले, बातमी सुरू करणारे दार. आता बातमी पुढे नेणाऱ्या सोडियमच्या दारांची गोष्ट. ती आपल्या कोकणाशी आणि शेताच्या बांधाशी जोडलेली आहे, कारण तिचा नायक आहे विंचू.

विंचवाच्या विषात जी द्रव्ये असतात, त्यांतली मुख्य द्रव्ये सोडियमच्या दारांवर चालून जातात. मघाशी मी म्हटले की हे दार उघडल्यावर आपोआप मिटते. विंचवाचे विष त्याला मिटू देत नाही, दारात पाचर मारावी तसे. त्यामुळे मज्जातंतू पुन्हा पुन्हा बातमी पाठवत राहतो. विंचू चावल्यावर रात्रभर ठणका लागतो, त्याचे मूळ येथे आहे. आणि हे केवळ वेदनेपुरते राहत नाही. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंतही अशीच दारे असतात. लाल विंचवाच्या दंशाने दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि लहान मुलाचे हृदय थकून ते दगावू शकते. आडदांड काळ्या विंचवापेक्षा हा लहानखुरा लाल विंचू अधिक घातक.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या दवाखान्यात, रुग्णाच्या खाटेशी बसून या दंशाचा अभ्यास केला. रक्तदाबावरचे प्रॅझोसिन नावाचे औषध अशा रुग्णांना वाचवू शकते, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे काम छापून आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक भेद मात्र ध्यानात घ्या. प्रॅझोसिन सोडियमच्या दाराला हात लावत नाही. विषाने उठवलेल्या वादळापासून ते हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सांभाळते. तेव्हा घाम, उलटी, गार हातपाय ही लक्षणे दिसली की उतारा, मंत्र, झाडपाला यांत घटकाही न दवडता रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यावे. तेथे ठणक्यासाठी दंशाच्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. आणि पाहा, लिग्नोकेन काम करते ते त्याच सोडियमच्या दारावर. विंचू ज्या दारात पाचर मारतो, तेच दार हे औषध आतून अडवते.

या औषधाची कुळकथा १८८४ सालची. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या डोळ्यात, मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला तरी कळेना! त्या दिवसापासून माणूस जागा असताना डोळ्याची शस्त्रक्रिया बिनवेदना करता येऊ लागली. पण कोकेनचे व्यसन लागते. म्हणून निर्धोक द्रव्याचा शोध सुरू झाला आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवले. आज दात काढताना किंवा जखमेला टाके घालताना डॉक्टर तेच टोचतात. आपल्या लवंगेच्या तेलातले युजेनॉलही या दारांना थोडाफार आवर घालते, असे प्रयोगांत दिसले आहे. दुखऱ्या दाढेत लवंग धरण्याची जुनी रीत अगदीच निराधार नव्हती. दाढ किडली असेल तर ती दाखवलीच पाहिजे, हे मात्र वेगळे सांगायला नको.

लिग्नोकेनचा दोष एवढाच की त्याला दार ओळखता येत नाही. माणसाच्या शरीरात सोडियमच्या दारांचे नऊ प्रकार आहेत. काही मेंदूत, एक मुख्यतः स्नायूंत, एक मुख्यतः हृदयात, आणि तीन प्रामुख्याने वेदनेच्या मज्जातंतूंत. लिग्नोकेन या सगळ्यांनाच अडवते. हिरडीत टोचले तोवर ठीक. तेच जास्त प्रमाणात रक्तात गेले तर हृदय आणि मेंदू धोक्यात. म्हणून शास्त्रज्ञांचा शोध असा, की फक्त वेदनेच्या दाराला लागेल अशी किल्ली मिळेल का?

या शोधाला दिशा दिली ती एका मुलाच्या दुर्दैवी कथेने. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवत असे. दंडातून सुरी आरपार घालायचा, जळत्या निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना म्हणून होतच नसे. संशोधक त्याला तपासायला गेले, पण त्याआधीच तो गेला होता. चौदावा वाढदिवस यायच्या आत, घराच्या छपरावरून उडी मारून. त्याच्या नात्यातल्या तीन कुटुंबांत आणखी सहा मुले अशीच निघाली. त्यांना स्पर्श कळे, गरम-गार कळे, गुदगुल्या होत. फक्त दुखत नसे. लहानपणीच त्यांनी आपले ओठ, जीभ चावून जखमी केलेली होती. केंब्रिजचे डॉ. जॉफ वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कारण प्रसिद्ध केले. या मुलांच्या शरीरात 'नाव्ह १.७' या नावाचे एकच सोडियमचे दार जन्मतःच निकामी होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००४ मध्ये, चीनमधील संशोधकांनी याच दाराची दुसरी तऱ्हा दाखवली होती. काही घराण्यांत हे दार वाजवीपेक्षा सहज उघडते, आणि त्या माणसांचे हातपाय थोड्याशा उष्णतेनेही निखाऱ्यासारखे जळतात.

एक दार बिघडले तर वेदनाच नाही. तेच दार सैल झाले तर वेदनेला अंत नाही. वेदना नसणे हे सुख नव्हे, हे आपल्या देशाने कुष्ठरोगात फार जवळून पाहिले आहे. त्या रोगाचे जंतू मज्जातंतूंनाच इजा करतात. रुग्णाची बोटे झिजतात ती बहुतांशी न कळलेल्या चटक्यांनी आणि जखमांनी, हे वेल्लोरला काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी जगाला दाखवून दिले. मुलाच्या अंगावर फिकट आणि बधिर चट्टा दिसला, तर शिक्षकांनी पालकांना आरोग्य केंद्रात पाठवावे. या रोगाचे औषध तेथे फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. मधुमेह्यांनीही रोज तळपाय पाहावेत, कारण त्यांच्या पायांची बातमी कधी कधी मेंदूपर्यंत पोचतच नाही.

पाकिस्तानातल्या मुलांची हकीकत कळल्यावर १.७ या दाराची किल्ली बनवण्याची अनेक कंपन्यांनी धडपड केली. प्रयोगशाळेत आशा वाटली, पण माणसांवरच्या चाचण्यांत त्यांतली बरीच औषधे फोल ठरली. मग लक्ष गेले शेजारच्या १.८ या दाराकडे. येथे पुन्हा विंचवानेच एक खूण दाखवली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात एक लहानसा उंदीर आहे. तो विषारी विंचू खातो. नांगी लागली तर क्षणभर अंग चाटतो आणि पुन्हा जेवायला बसतो! २०१३ मध्ये ॲशली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे रहस्य उलगडले. या उंदराच्या १.८ या दाराची घडण अशी बदललेली आहे की विंचवाचे विष ते दार उघडे ठेवण्याऐवजी बंद करते. जे दुसऱ्याला विष, ते याला वेदनाशामक.

माणसातले हेच १.८ दार अडवणारे सुझेट्रिजिन नावाचे औषध ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केले. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र दुखण्यासाठी ते चालते, आणि अफूच्या जातीचे नाही. हा मोठा टप्पा आहे, पण जादूची कांडी नव्हे. चाचणीत ते अफूवर्गीय गोळीपेक्षा वरचढ ठरले नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर घेतलेल्या चाचणीत तर हे औषध घेणाऱ्यांना आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांना जवळजवळ सारखाच आराम पडला. आजची वेदना आणि जुनी वेदना या दोहोंची गोष्ट एक नव्हे, असा त्याचा अर्थ.

असे का? कारण पायाची बातमी थेट मेंदूत जात नाही. ती आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत दुसऱ्या तंतूच्या हवाली होते, गावचे पत्र तालुक्याच्या टपाल कचेरीत छाटले जावे तशी. तेथे कोणती बातमी पुढे जायची आणि कोणती दबायची हे ठरते. पोराला लागले की आई ती जागा चोळते. त्या चोळण्याची बातमी वेदनेच्या बातमीला तेथे अडवते, असे १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडले. दुखणे दीर्घकाळ चालले की ही कचेरीच हळवी होते, आणि जखम भरली तरी ठणका उरतो. अशा माणसाला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची वेदना खरी असते.

या कचेरीत बातमी हवाली होते ती कॅल्शियमच्या दारांमुळे. अफूपासून काढलेले मॉर्फिन येथेच काम करते. ते कॅल्शियमची दारे मिटवते आणि पोटॅशियमची उघडते, म्हणजे बातमी देणारा व घेणारा दोघेही मंदावतात. त्याचा धोकाही तेथेच आहे. श्वासावर ताबा ठेवणारी केंद्रे तशीच मंदावतात, आणि सवय जडते. म्हणून ते डॉक्टरांच्या हातीच हवे. पण या भीतीचा आपण अतिरेक केला. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांचा इतका गुंता झाला की कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत तळमळणाऱ्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगाची वाट मोकळी करण्यात आली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा रुग्णांच्या वेदनाशमनासाठी वेगळा विभाग आहे. घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'यांचं दुखणं कमी करायला काय करता येईल?' रोग बरा होणार नसेल, तरी दुखणे कमी करता येते. ते मागण्यात लाज कसली?

श्रोतेहो, आपल्याकडे सोसण्याचे फार कौतुक आहे. 'बाईच्या जातीनं सोसावं', 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय', असे आपण सहज बोलून जातो. पण वेदना हा शूरपणाचा वा भित्रेपणाचा प्रश्न नाही. ती मिठाच्या कणांनी, इवल्या दारांतून धाडलेली बातमी आहे. कोणाची दारे घट्ट असतात, कोणाची सैल. एकाला जे मुंगी चावल्यासारखे वाटते, ते दुसऱ्याला असह्य होऊ शकते, आणि दोघेही खरेच सांगत असतात. वर्गातले मूल पोट धरून बसले, सासुरवाशीण पाठ दुखते म्हणाली, म्हातारे वडील रात्री कण्हू लागले, तर आधी विश्वास ठेवावा. आपल्या आजीसारखे विचारावे, 'कुठं दुखतंय? ठणकतंय, की आग होतेय? कधीपासून?' डॉक्टरलाही याच उत्तरांचा उपयोग होतो. बातमी आली आहे ती ऐकावी, तिचे कारण शोधावे, आणि तिचे काम झाले की ती थांबवण्याचा उपाय करावा. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे करू पाहत आहेत, तेच घरी आणि शाळेत आपल्या परीने आपल्यालाही करता येईल.